कळत नाही म्हणून टाकायचं का?

आपल्या कार्यकर्त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: ‘लोकांना कळलं पाहिजे.’ कविता वाचून खाली बसलो की ते माझ्याही अंगावर येतं. म्हणून या वेळी न कळणाऱ्या गाण्यांबद्दल लिहितो.

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतली दोन काळी पोरं, वास्ट एअर आणि वोर्डुल मेगा. जोडीचं नाव ‘कॅनिबल ऑक्स’. २००१ साली त्यांचा ‘द कोल्ड व्हेन’ हा अल्बम निघाला. संगीत ब्रुकलिनच्या एल-पी या गोऱ्या पोराचं. मोठ्या कंपन्यांच्या बाजाराबाहेरचं हे रॅप. पुढच्या कित्येकांनी त्याच्यावर आपली भाषा घासून घेतली.

माझं इंग्रजी तुटकं. जिनिंगमधली रात्रपाळी संपवून शब्दकोश घेऊन बसलो. पहिल्या खेपेला हाती काहीच लागलं नाही. थंडी, मधेच लोखंड, मधेच तारे, मधेच भूक. पण आवाज ओळखीचा होता, पट्टा घसरणाऱ्या मशीनसारखा. वास्ट जड, रेंगाळत बोलतो; वोर्डुल दम न घेता पुटपुटतो.

मग ‘पिजन’ ऐकलं. पिजन म्हंजे कबुतर. शहराच्या घाणीत दाणे टिपणारं, सगळ्यांच्या पायात येणारं, तरी पंख असलेलं. त्याच्या पाठोपाठ, अगदी शेवटी, राखेतनं उठणारा फिनिक्स. तेव्हा उमगलं, हे कोडं नाही. ही पोरं वस्तीची हकिगत सांगत बसत नाहीत, तिची थंडी आपल्या अंगात भरवतात.

आपल्याकडं १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. त्यातले कित्येक शब्द आपल्याला कळले नाहीत, हे विजय तेंडुलकरांनी प्रस्तावनेत कबूल केलं. कामाठीपुऱ्यातल्या माणसाला ते कळत होते. तेव्हा दुर्बोध म्हणायच्या आधी विचारा: कोणाला? त्याच वर्षी आपल्या पोरांनी पँथर हे नाव काळ्यांच्या चळवळीकडनं घेतलं. मग त्यांच्या पुढच्या पिढीची बोली ऐकायला आपल्याला एवढा कंटाळा का?

खोटही सांगतो. या अल्बममध्ये एकटेपण फार. संताप आहे, पण चार माणसं मिळून काय करतील, ते नाही. बाई येते ती पोरांच्या नजरेतनंच. काही ठिकाणी शब्दांचा नुसता ढीग पडलाय. त्याची नक्कल करू नका.

मोर्चातली घोषणा एका दमात कळलीच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण मोर्चाहून परतलेला माणूस रात्री जागा राहतो. त्याच्या डोक्यात जे चालतं ते घोषणेत मावत नाही. तेही आपलंच साहित्य आहे.

पुढच्या बैठकीत ‘पिजन’ लावू. शब्दकोश मी आणतो.