पालथं झोपवण्याच्या दोन चाचण्या: मतभेद आहे कुठे?

शुद्धीवर असलेल्या रुग्णाला पालथं झोपवलं तर इंट्युबेशन टळतं का? कोविडकाळातल्या दोन मोठ्या चाचण्या घेऊ.

२०२१ ची सहा देशांतली एकत्रित चाचणी, १,१२१ रुग्ण: २८ दिवसांत इंट्युबेशन किंवा मृत्यू, पालथ्या गटात ४० टक्के, नेहमीच्या उपचारांत ४६. निष्कर्ष: फायदा. २०२२ ची कोव्ही-प्रोन, ४०० रुग्ण: ३० दिवसांत इंट्युबेशन, ३४.१ विरुद्ध ४०.५ टक्के. निष्कर्ष: लक्षणीय फरक नाही.

मग आपण रिव्ह्यूमध्ये लिहून मोकळे होतो, 'पुरावे परस्परविरोधी आहेत.' पण आकडे पुन्हा बघा. फरक दोन्हीकडे शंभरामागे साधारण सहा रुग्णांचाच आहे! दुसरी चाचणी लहान, म्हणून अनिश्चितता जास्त: हॅझार्ड रेशो ०.८१, कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.५९ ते १.१२. म्हणजे बऱ्यापैकी फायद्यापासून थोड्या तोट्यापर्यंत काहीही शक्य. 'फरक सिद्ध झाला नाही' म्हणजे 'फरक नाही' असं नव्हे.

तक्रार पहिल्या चाचणीबद्दलही आहे. कोण पालथं झोपलंय हे डॉक्टरांना दिसतं आणि नळी कधी घालायची हेही तेच ठरवतात. फायदा दिसला तो मुख्यतः इंट्युबेशनमध्ये. मृत्यूंमधला फरक ठोस नव्हता.

आणखी एक. कोव्ही-प्रोनमध्ये उद्दिष्ट होतं रोज ८ ते १० तास. पहिल्या चार दिवसांतला मध्यक भरला ४.८. जागा माणूस इतका वेळ पालथा राहतच नाही. मग तपासलं काय, पालथं झोपणं की पालथं झोपायला सांगणं?

रिव्ह्यू लिहायला बसाल तेव्हा निष्कर्षाच्या आधी तक्ता वाचा.