९९.८ टक्के, पण कशाचे?

पेपर हातात आला की आपण बरेच जण आधी टक्केवारी शोधतो. आकडा मोठा दिसला की पेपर भारी! ही सवय किती महागात पडू शकते, ते एका खरोखर चांगल्या पेपरवरून बघू.

२०१८ साली अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठातल्या गटाने 'प्रिनट्रॅकर' ही पद्धत मांडली. कल्पना सुंदर आहे. प्रत्येक थ्री-डी प्रिंटरच्या यंत्रात बारीकसारीक फरक असतात आणि ते छापलेल्या वस्तूच्या थरांत उमटतात. साध्या स्कॅनरवर वस्तू ठेवायची, खुणा वाचायच्या, प्रिंटर ओळखायचा. १४ प्रिंटर, प्रत्येकावर पाच किल्ल्या, अचूकता ९९.८ टक्के. दहा महिन्यांनी पुन्हा तपासलं, तरी ओळख पटली. मुद्दाम खराब केलेल्या किल्ल्यांवर अचूकता ९२ टक्क्यांवर आली, हेही त्यांनी लपवलं नाही.

आता प्रश्न असा, की यावरून थ्री-डी छापील बंदुकीचा माग लागेल का? विद्यापीठाच्या निवेदनात तशी आशा दाखवली होती. माझ्या मते इथे दोन उड्या न सांगता मारल्या आहेत.

पहिली उडी नमुन्याची. किल्ली आणि झाडलेली बंदूक एक नव्हे. २०१३ च्या 'लिबरेटर' पिस्तुलाचे जवळजवळ सगळे भाग प्लॅस्टिकचे होते आणि फायरिंग पिन म्हणजे साधा खिळा. गोळी सुटताना उष्णता आणि दाबाने अशी नळी वितळू शकते, फुटूही शकते. शिवाय घटनास्थळी अनेकदा बंदूक नसतेच, सापडते फक्त गोळी किंवा पुंगळी. लोखंडी नळीच्या आट्यांसारख्या नेमक्या रेघा प्लॅस्टिककडून मिळतील असं गृहीत धरता येत नाही. पुंगळीवर प्लॅस्टिकचा अंश सापडला आणि अवरक्त वर्णपटाने ते एबीएस ठरलं, तरी काय कळलं? फक्त वर्ग. एबीएस खेळण्यांतही असतं आणि हेल्मेटमध्येही.

दुसरी उडी जास्त धोक्याची. प्रयोगात उत्तर त्या १४ प्रिंटरमध्येच होतं. प्रत्यक्षात खरा प्रिंटर पोलिसांच्या यादीत नसेलही. तेव्हा पद्धतीने 'यातला कुठलाच नाही' असं म्हणायला हवं. ते ती किती वेळा बरोबर म्हणते, हे ९९.८ हा आकडा सांगत नाही. आणि नेमकं तेच माहीत नसेल, तर यादीतला सगळ्यात जवळचा दिसणारा माणूस आरोपी होऊ शकतो.

हा किस काढणं नाही. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये नेहमीच्या बंदुकांच्या खुणा जुळवण्याबद्दलही हीच तक्रार केली होती: चुकीचं प्रमाण मोजणारा, नीट आखलेला अभ्यास त्यांना एकच सापडला. शंभर वर्षं जुन्या विद्येची ही गत, तर नव्या विद्येकडून आपण आधीच पुरावा मागायला नको का?

म्हणून पुढचा पेपर वाचताना आकड्याच्या शेजारी तीन प्रश्न लिहा. नमुना खऱ्या प्रकरणासारखा आहे का? उत्तर यादीबाहेर असण्याची शक्यता तपासली का? चूक झाली तर ती कोणाच्या माथी बसते? तिसऱ्याचं उत्तर पेपरात बहुधा नसतं. ते आपणच विचारायचं असतं.