कोळशावर कर, पंपाला माफी

हवामान-बदलावरील कोणत्याही उपायाची चर्चा निघाली की पहिला आक्षेप खर्चाचा येतो. आक्षेप रास्तच आहे. सरकारचा पैसा म्हणजे अखेर आपणच भरलेला कर. पण खर्च जास्त की कमी, हे ठरविण्यापूर्वी तो कशावर झाला व त्यातून काय साधले, हे तपासायला हवे. त्यासाठी आपण तासगावच्या द्राक्षबागेतील विजेचा एक पंप घेऊ.

समजा, पाणी 100 मीटर खोल कूपनलिकेतून उपसायचे आहे. 1000 लिटर, म्हणजे 1000 किलो पाणी वर आणायला 1000 × 9.8 × 100 = 9,80,000 ज्यूल ऊर्जा लागते. विजेचे एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. पंपसंचाची कार्यक्षमता 50 टक्के धरली, तर सुमारे 0.55 युनिट वीज खर्ची पडते. औष्णिक केंद्रात एका युनिटसाठी साधारण 700 ग्रॅम कोळसा जळतो आणि किलोभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. बागेत धूर दिसत नाही. तो दूरच्या धुरांड्यातून निघतो, इतकेच.

या धुराची किंमत कोणी द्यायची? ज्या व्यवहाराची झळ तिऱ्हाइताला बसते, त्यावर त्या झळीइतका कर बसवावा, असा विचार ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी 1920 साली मांडला. भारताने 2010 साली कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर लावला, तो याच वाटेने. 2016 मध्ये तो 400 रुपये झाला. 700 ग्रॅमला 28 पैसे, म्हणजे युनिटमागे 28 पैसे. हा पैसा राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीसाठी होता. परंतु 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि टनामागचे तेच 400 रुपये राज्यांच्या महसुली नुकसानभरपाईकडे वळले. सप्टेंबर 2025 मध्ये हा उपकरही गेला व कोळशावरील वस्तू व सेवा कर 5 वरून 18 टक्के झाला. हा कर वजनावर नसून किमतीवर आहे; त्यामुळे जास्त राखेच्या स्वस्त कोळशावर तो कमी पडतो.

आता तारेचे दुसरे टोक पाहू. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेनुसार एप्रिल 2024 पासून पाच वर्षे साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. योजना जाहीर करताना 44 लाख शेतकरी आणि वर्षाला 14,760 कोटी रुपये असा हिशेब शासनाने दिला होता. ताकारी, म्हैसाळ यांसारख्या उपसा योजनांच्या वीजबिलाचाही 81 टक्के वाटा शासन उचलते. म्हणजे ज्या युनिटवर कोळशाच्या टोकाला कर बसतो, तेच युनिट पंपापाशी फुकट होते. ‘जपून वापरा’ हा कराचा निरोप वाटेतच हरवतो. तिजोरीतून मात्र पैसा जातोच.

याचा दोष बागायतदाराला देणे बरोबर नाही. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला की डावणी पडते. बेदाणा शेडवर असताना आला की माल काळवंडतो. लहरी हवामानाची किंमत तो आधीच मोजतो आहे. त्याला मदत हवीच. आमचा आक्षेप मदतीच्या रीतीला आहे. मोफत युनिटमध्ये जो जास्त उपसतो त्याला जास्त मदत मिळते आणि सावळज भागातल्या, पंपच नसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला काहीच मिळत नाही.

सौर पंपाने कोळसा वाचतो, हे खरे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्केच भरावे लागतात. पण पंप बसल्यावर पुढचा प्रत्येक लिटर फुकट, आणि भूजल खाली जाते त्याचा हिशेब कोठेच नाही. त्यापेक्षा सौर कृषी वाहिनीची कल्पना आम्हाला उजवी वाटते. तीत एका सौर प्रकल्पातून अनेक पंपांना दिवसा वीज मिळते, रात्रीचे पाणी देणे टळते आणि पंप बंद असताना वीज इतरांच्या उपयोगी पडते.

पंजाबने 2018 मध्ये आणखी एक वाट चाचपली. तेथेही शेतीची वीज मोफत आहे. ‘पानी बचाओ, पैसा कमाओ’ योजनेत शेतकऱ्याला युनिटांचा ठरावीक कोटा दिला आणि त्यातून वाचलेल्या प्रत्येक युनिटमागे 4 रुपये त्याच्या खात्यात जमा केले. मदत थांबली नाही; पण पंप बंद करण्यालाही मोल आले. ठिबक वापरणाऱ्या तासगावकराला ही रीत नक्कीच पटेल.

मात्र त्यासाठी पंपाला मीटर लागतो आणि राज्यातील कित्येक कृषिपंपांना तो नाही. धोरण महाग की स्वस्त, हा वाद घालायचा असेल, तर आधी किती वीज उपसली जाते हे कळले पाहिजे. शिक्षकांनी आपल्या गावातील विहिरीची वा कूपनलिकेची खोली घेऊन वरचे गणित वर्गात अवश्य करून घ्यावे.