मगारी, म्हणजे काय बुवा?

कोशकार मंडळींबद्दल मला आदर आहे; पण एखाद्या जित्याजागत्या शब्दाची त्यांनी खांडोळी केली की तो उतरतो. इटालियन भाषेतला 'मगारी' घ्या. (मराठी कानाला 'माघारी' ऐकू येतं, पण तो नुसता योगायोग.) खिशात मावणाऱ्या कोशांत त्याच्यापुढं आकडे घालून अर्थ दिलेले असतात: १. कदाचित. २. असं झालं तर! ३. भले, प्रसंगी. जणू एकाच चाळीतली, एकमेकांशी अबोला धरलेली तीन बिऱ्हाडं!

मूळ शब्द ग्रीक. 'माकारिए' म्हणजे 'हे भाग्यवंता!' त्या भाग्यवंताला हाका मारता मारता इटालियन माणूस 'आमचं कुठलं तेवढं भाग्य!' इथवर आला.

त्याला विचारा, "तुम्ही श्रीमंत आहात का हो?" तो म्हणेल, "मगारी!" म्हणजे कसलं काय! त्यालाच विचारा, "गाडीनं सोडू घरापर्यंत?" पुन्हा "मगारी!" आता मात्र अर्थ, 'सोडा की, फार बरं होईल.' एकदा नकार, एकदा होकार. कोश चाळत बसाल तर तो बिचारा रस्त्यातच उभा राहायचा.

पावसाचंही तसंच. 'मगारी प्योव्हे' म्हणजे पडेलही पाऊस. 'मगारी प्योव्हेस्से' म्हणजे पडला तर काय हवं! क्रियापदाला एवढंसं 'स्से'चं शेपूट आलं की अंदाजाची आस होते. पहिलं वाक्य हवामान खात्याचं, दुसरं शेतकऱ्याचं. आणि 'मगारी दोमानी', म्हणजे 'उद्या, जमलं तर', हे बहुतेक वेळा आपल्या 'बघू'चं सख्खं भावंड. त्या उद्याची वाट कुणी पाहू नये.

सिसिलीत मात्र 'माकारी' म्हणजे चक्क 'सुद्धा'. आन्द्रेआ कामिल्लेरींच्या मोन्ताल्बानो-कथांत तो पदोपदी भेटतो. तिथं कोशकारानं खुशाल वेगळा आकडा घालावा, माझी हरकत नाही.

माझं भांडण पहिल्या दोन आकड्यांशी आहे. ती दोन बिऱ्हाडं नव्हेतच. इच्छा निवत गेली की तिचंच 'कदाचित' होतं. आता कथेतल्या म्हातारीला कुणी विचारलं, "मुलगा परत येईल का?" आणि ती म्हणाली, "मगारी!" भाषांतरकार पहिला आकडा पाहून 'कदाचित' लिहून मोकळा होतो. 'कदाचित' म्हणणारी म्हातारी पुढच्या शेंगा सोलायला लागते हो. हिच्या हातातली शेंग तशीच राहिलेली असते.