कोळशावरचा कर कुणाच्या पदरात पडला?

शिक्षकांच्या पगारपत्रकात बहुतेक महिन्यांत २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. महाराष्ट्रात हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरी पगारदारांनी तो भरायचा, सरकारने तेवढीच भर घालायची आणि दुष्काळी नगरसारख्या जिल्ह्यांत त्यातून बांधबंदिस्तीची, पाझर तलावांची कामे काढायची. कोण देतो आणि कोणाला मिळते, हे स्पष्ट होते.

कोळशावरच्या उपकरात नेमके हेच हरवले. २०१० साली टनाला ५० रुपये असलेला हा उपकर २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. एक युनिट विजेसाठी सुमारे ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. म्हणजे बोजा युनिटमागे २८ पैसे.

सगळी वीज कोळशाचीच धरू. सावेडीतल्या एखाद्या वातानुकूलित घरात महिना ४०० युनिटे लागत असतील, तर ११२ रुपये. पाथर्डीकडच्या वाडीवरील घरात ४० युनिटे, तर ११ रुपये. रक्कम लहान, पण मजुरीवर जगणाऱ्याला तीच जास्त टोचते. आता दोन्ही रकमा एकत्र करून निम्म्या निम्म्या परत दिल्या, तर प्रत्येक घराला सुमारे ६२ रुपये मिळतील. वाडीवरचे घर ५० रुपयांनी फायद्यात राहील आणि वीज वाचवण्याचे कारण दोघांनाही उरेल.

प्रत्यक्षात २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६ हजार कोटी रुपये गोळा झाले. स्वच्छ ऊर्जा निधीकडे वळले जेमतेम ३० हजार कोटी. २०१७ पासून हा पैसा वस्तू व सेवा करामुळे राज्यांना होणाऱ्या तुटीच्या भरपाईसाठी गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर रद्द झाला आणि कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के झाला. हा कर वजनावर नसून किमतीवर आहे. समजा, १,५०० रुपये टनाचा हलका कोळसा घेतला, तर वाढीव कर १९५ रुपये; पूर्वी ४०० होता. धूर तेवढाच, कर निम्म्याहून कमी!

नुसता परतावा पुरत नाही, हे कॅनडात दिसले. तेथे बहुतेक रक्कम कुटुंबांना परत मिळत असूनही ग्राहकांवरचा कार्बन कर एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला. कर पंपावर रोज जाणवे, परतावा तीन महिन्यांतून एकदा खात्यात जमा होई.

तेव्हा नुसता दर ठरवून भागणार नाही. कराचा पैसा लोकांना दिसेल अशा रीतीने परत गेला पाहिजे. विद्यार्थ्यांना घरचे वीजबिल आणायला सांगून वरचे गणित वर्गात जरूर करून पाहावे.