मंच मिळाला, हक्काचं काय?

पाच वर्षांच्या खंडानंतर २०२५च्या फेब्रुवारीत सुलाफेस्ट पुन्हा भरला आणि नाशकात जुनीच चर्चा नव्याने सुरू झाली: कोण येणार, तिकीट केवढ्याला, कुणाचा कार्यक्रम रंगला. २००८पासून हा संगीत महोत्सव आपल्या द्राक्षमळ्यांत भरतो. पण स्वतःचं गाणं लिहून, चाल लावून, पदरच्या पैशाने ध्वनिमुद्रित करणारा कलावंत अशा महोत्सवांतून काय कमावून परततो, हा प्रश्न त्या चर्चेत कधी येत नाही. लहानमोठ्या मंचांवर त्याला सर्रास ऐकवलं जातं, ‘मानधन नाही, पण प्रसिद्धी मिळेल.’ तो मान डोलावतो. या मान डोलावण्याची चीड येते, कारण आज त्याची बाजू कधी नव्हे इतकी भक्कम आहे.

संतांचे अभंग ड्रम आणि बास गिटारच्या साथीने मांडणारा ‘अभंग रिपोस्ट’ हा बँड घ्या. तिथे वाद्यं पाश्चात्त्य असूनही शब्द दबत नाही, उलट टाळकऱ्यांची लय ड्रमवर उतरल्याने तो अधिक ठळक होतो. ‘स्वदेशी’ या रॅप गटाने आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांच्यासोबत केलेल्या ‘द वारली रिवोल्ट’मध्ये आरेच्या जंगलाचा प्रश्न घोषणेसारखा येत नाही, भोईरांचा आवाज येतो आणि रॅपला जमीन मिळते. अमरावतीचा रॅपर ‘१०० आरबीएच’ आपल्या बोलीतला राग सफाईदार करण्याच्या फंदात पडत नाही, हेच त्याचं बळ. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ २०२४मध्ये ‘स्पिनिन’ या डच कंपनीने प्रकाशित केलं. हाउस संगीतावर मराठी शब्द इतके चपखल बसतात हे त्याआधी किती जणांनी मानलं असतं? ‘सुवर्णकाळा’च्या नावाखाली जुनी हिंदी गाणी आळवणाऱ्या मैफिलींविषयी लिहिण्यासारखं काही नाही. तिथे नवं काही घडत नाही.

म्हणजे कमतरता गाण्याची नाही, गाण्यामागच्या व्यवहाराची आहे. केरळात आणि तुळुनाडूत मिरवणुकांत ‘नासिक ढोल’ या नावाने पथकं वाजतात. शहराचं नाव एवढ्या लांब पोचलं, इथला ढोलवादक मात्र मागेच राहिला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांची गाणी आंबेडकर जयंतीच्या मंडपांत पिढ्यान्‌पिढ्या गायली जातात, अनेकदा कवीचं नाव न घेताच. वामनदादा २००४मध्ये गेले. कॉपीराइट कायद्यातली कलावंतांच्या बाजूची मोठी दुरुस्ती आली २०१२मध्ये. तिच्यामुळे गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणालाही लिहून देता येत नाही. हक्क देताना करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. ‘सर्व हक्क कायमचे’ या कलमाखाली सही करण्याआधी एवढं माहीत असलेला माणूस वेगळ्या आवाजात बोलतो. तसंच मंचावरच्या गाण्यांचं. आयोजक आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचा परवाना घेतो, पण कोणती गाणी झाली याची यादीच पोचली नाही, तर ते पैसे नेमक्या गीतकारापर्यंत जायचे कसे?

हे ज्ञान महोत्सवाच्या गर्दीत मिळत नाही, ते परिषदेत मिळतं. मुंबईत २०१७पासून ‘ऑल अबाउट म्युझिक’ भरते, युरोपात १९९४पासून ‘वोमेक्स’. महोत्सवांसाठी कलावंत निवडणारे, वितरक, गाणी चित्रपट-जाहिरातींना देणारे तिथे एका छताखाली असतात. नोंदणी केलेली चार गाणी आणि आपला दर ठरवून गेलेल्या कलावंताला तिथे पुढच्या तीन महोत्सवांची दारं उघडू शकतात. नुसता हौसेने गेलेला ओळखपत्र गळ्यात घालून परततो. कुणी म्हणेल, संजू राठोडची ‘गुलाबी साडी’ रील्सवरूनच घरोघरी गेली, मग परिषदा कशाला? रील्समुळे गाणं पोचतं, हे खरंच. पण तीस सेकंदांवर जमलेला श्रोता चाळीस मिनिटं बसून ऐकेलच असं नाही, आणि जो बसतो त्याच्या जिवावर कलावंत दहा वर्षं टिकतो. दुसरा आक्षेप जुना आहे: कलेत व्यवहार आणू नये. अखेरची वर्षं नाशकात काढलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली आणि १९०१मध्ये लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं, ते गवयाला दरबाराच्या मर्जीवर जगावं लागू नये म्हणून. संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांनी १९१६मध्ये बडोद्यात अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. त्या परिषदांच्या मालिकेतून १९२६मध्ये लखनऊचं मॅरिस कॉलेज उभं राहिलं. संगीत परिषद ही आपल्याला परकी गोष्ट नाही, आपणच ती सोडून दिली.

मुंबईची वारी प्रत्येकाला परवडत नाही, हा तिसरा आक्षेप मात्र रास्त आहे आणि त्याला उत्तर नाशिकनेच द्यायला हवं. महोत्सवाच्या आदल्या दिवशी कालिदास कलामंदिरात किंवा पलुस्कर सभागृहात एक दिवसाची परिषद भरवा. वकील, आयपीआरएसचा प्रतिनिधी आणि दोन-तीन महोत्सवांचे निवडकर्ते बोलवा. ढोलपथकांना, शाहिरांना, रॅपरांना एकाच रांगेत बसवा. मंडपावर आणि रोषणाईवर जो खर्च होतो त्याच्या मानाने हा किरकोळ आहे. आणि कलावंतांनो, तोवर एवढं तरी करा: मानधनाचा आकडा लेखी घेतल्याशिवाय मंचावर चढू नका, आणि गायलेल्या गाण्यांची यादी आयोजकाच्या हातात दिल्याशिवाय खाली उतरू नका.