हीटमॅपवर न उमटलेली पावलं

‘शहरात लोक कुठे चालतात?’ हा प्रश्न घेतला की आपल्यातले बरेच जण आधी स्ट्राव्हाचा हीटमॅप उघडतात. पुण्यातल्या कोरेगाव पार्कच्या वडाखालच्या लेन उजळ दिसल्या, की निष्कर्ष तयार: हा भाग चालण्याजोगा!

मीही हेच लिहिणार होतो. मग एकदा सकाळी सात वाजता नॉर्थ मेन रोडवर स्वतः चालून आलो. घड्याळ लावून पळणारे मोजकेच. जास्त दिसल्या त्या बसमधून उतरून कामाला निघालेल्या मावशी आणि रात्रपाळी संपवून परतणारे वॉचमन. त्यांची पावलं कुठल्याच ॲपमध्ये जात नाहीत. हाच तो सिलेक्शन बायस: नमुना आपल्या हाती येण्याआधीच चाळला गेलेला असतो.

याचा ठळक पुरावा या नकाशातच आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या आवृत्तीत सुमारे १०० कोटी नोंदी होत्या. जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आलं, की अफगाणिस्तान आणि सीरियातले लष्करी तळ त्यात लख्ख दिसतायत. आसपासच्या गावांतले लोक काय चालत नव्हते? चालत होते, ॲप मात्र सैनिकांकडे होतं. म्हणजे १०० कोटी नोंदींनीही बायस गेला नाही.

मग हा डेटा टाकून द्यायचा? नाही. ‘ॲप वापरणारे कुठे पळतात?’ एवढंच विचारा, तो नीट उत्तर देईल. ‘लोक’ म्हणालात, की फसलात.

म्हणून डाउनलोडच्या आधी वहीत एक ओळ लिहा: माझ्या डेटात कोण नाही? आणि तासभर त्या रस्त्यावर उभं राहून माणसं मोजा.